एका रस्त्याचा हिशेब कसा मागायचा

माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. २०२४ च्या विधानसभेच्या आधी मी त्याला फोन केला, "बुधवारी मतदान आहे, मंगळवारी रात्रीची गाडी पकड." तो म्हणाला, "आबा, कुणाला द्यायचं? गेल्या वेळी एकदाच मत दिलं आणि पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री बघितले. दोन पक्ष उभे फुटले. माझं मत नेमकं कुणाकडे गेलं ते तुम्ही तरी सांगा." मला सांगता आलं नाही. तो आला नाही आणि मी त्याला रागावलोही नाही.

रागावणार कसा? सिमेंटच्या प्रकरणात राज्याच्या मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली ते १९८२ साल, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. २०१० साली कुलाब्यातली 'आदर्श'ची एकतीस मजली इमारत गाजली, तेव्हा मी बसमध्ये तिकिटं फाडत होतो आणि प्रवासी तावातावाने तेच बोलत होते. २०१२ ला सिंचनाची श्वेतपत्रिका निघाली. आम्ही सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं. कालव्याच्या पाण्याची वाट बघत आमच्या दोन पिढ्या गेल्या, त्यामुळे त्यातला खर्चाचा आकडा ऐकताना पोटात कालवलं होतं. विश्वास उडायला कारणं लागतात म्हणाल तर ती ढिगाने आहेत.

तरी गेली तीन वर्षं मी गावात एक काम करतोय, आणि ते करायला लागल्यापासून मला रात्री झोप नीट लागते. ते काम म्हणजे ग्रामपंचायतीच्या पैशाचा हिशेब मागणं, आणि ते कसं करायचं ते इथे लिहितो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथली माणसं माझी आहेत आणि मला तिथेच राहायचंय.

मी १९८९ ते २०२० एस.टी.त कंडक्टर होतो. ज्याने ही नोकरी केलेली नाही त्याला माहीत नसेल, पण ड्युटीवर जाताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत तेसुद्धा वे-बिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहावं लागतं. रस्त्यात कुठेही तपासणी पथक चढतं. ते माणसं मोजणार, तिकिटं बघणार, बॅगेतली कॅश मोजणार आणि वे-बिलाशी ताळा घेणार. दहा रुपये कमी भरले तरी लिहून द्यावं लागतं आणि दहा रुपये जास्त भरले तरी. एकतीस वर्षांत माझी बॅग किती वेळा उपडी केली असेल याची गणती नाही. पहिल्या वर्षी अपमान वाटायचा. मग कळलं की पथक चढून गेलं की मागच्या सीटवरचा माणूससुद्धा माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. त्याच्या डोळ्यांदेखत हिशेब जुळलेला असतो.

निवृत्तीनंतर ग्रामसभेला जाऊन बसायला लागलो तेव्हा मला पहिला धक्का हा बसला. वर्षाला लाखो रुपये येतात नि जातात, आणि बॅग उपडी करणारं कोणी नाही. कोणी करायची, याचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. ग्रामसभेने, म्हणजे मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाने.

आधी एकच काम निवडा

नव्याने सुरुवात करणारा हमखास एक चूक करतो. तो माहिती अधिकाराच्या अर्जात लिहितो, "गेल्या दहा वर्षांतील ग्रामपंचायतीच्या सर्व कामांची सर्व माहिती द्यावी." अशा अर्जाला उत्तर येत नाही, आणि आलं तरी तुम्हाला ते वाचता येणार नाही. महाराष्ट्राच्या नियमांत तर अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा असं आहे. तेव्हा तुमच्या दारातून दिसणारं एकच काम घ्या. गटार, हातपंप, शाळेची भिंत, समाजमंदिराचं छत, काहीही. रोज डोळ्यांसमोर असणारं काम घेतलं की तुम्ही ते विसरत नाही आणि दुसऱ्यांनाही बोट दाखवून सांगता येतं.

मी आमच्या आळीतला सिमेंट काँक्रिटचा रस्ता घेतला. २०२२ च्या उन्हाळ्यात तो झाला आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या आधीच त्याची खडी वर आली. आमच्या शेजारच्या काकू दूध घालायला जाताना त्यावर पडल्या, हाताला प्लास्टर घालावं लागलं. रस्त्याच्या तोंडाशी फलक होता. त्यावर कामाचं नाव, निधी आणि रक्कम होती, पण रकमेवर कोणीतरी चुना फासला होता.

अर्ज करण्याआधी मोबाईलवर बघा. 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की मंजूर आराखडा दिसतो, आणि वित्त आयोगाच्या पैशातून कोणाला किती रक्कम कोणत्या तारखेला गेली तेही दिसतं. 'मेरी पंचायत' या ॲपवरही यातलं बरंच आहे. आमच्या रस्त्याच्या वेळी पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा बंधित आणि अबंधित असा दोन भागांत यायचा. बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा असे, अबंधित भागातून गावाच्या गरजेची बाकीची कामं होत. आमचा रस्ता अबंधितमधून होता. नात शेजारी बसली होती, तिनेच पाच मिनिटांत काढून दिलं. रक्कम, तारीख, ठेकेदाराचं नाव, सगळं उघड्यावर होतं. चुना फलकावरच्या आकड्याला लागला होता, संकेतस्थळावर तो स्वच्छ दिसत होता.

अर्ज

देशाचा माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. महाराष्ट्रात त्याआधीच राज्याचा स्वतःचा कायदा झाला होता, आणि तो लागू व्हावा म्हणून २००३ मध्ये अण्णा हजारे आझाद मैदानात उपोषणाला बसले होते. त्याही आधी राजस्थानात मजूर-शेतकरी बायाबापड्यांनी गावोगाव जनसुनवाई घेऊन 'हमारा पैसा, हमारा हिसाब' म्हणत हजेरीपटांच्या नकला मागितल्या होत्या. त्या हजेरीपटांवर मेलेल्या माणसांची नावं निघाली होती. हा कायदा दिल्लीतल्या कोणाच्या मेहेरबानीने आलेला नाही, हे मी तरुणांना मुद्दाम सांगतो.

अर्ज साध्या कागदावर चालतो. नमुना 'अ' झेरॉक्सच्या दुकानात मिळतो, त्यात भरलं की चूक होत नाही. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर पुराव्याची प्रत जोडा, शुल्क लागत नाही. ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे, पण ग्रामपंचायतीसाठी मी कागदच देतो. 'जन माहिती अधिकारी' म्हणजे आपले ग्रामसेवक. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. माहिती कशासाठी हवी ते सांगायचं बंधन नाही, कोणी विचारलं तरी.

"का", "कसं", "जबाबदार कोण" असे प्रश्न अर्जात लिहू नका. माहिती म्हणजे कार्यालयात असलेले कागद, आणि तेवढेच मागायचे. मी हे लिहिलं होतं:

"आळीतील सिमेंट काँक्रिट रस्ता, सन २०२१-२२, या एका कामाबाबत पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: (१) मासिक सभेचा व ग्रामसभेचा संबंधित ठराव, (२) अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मंजुरी, (३) कार्यारंभ आदेश व करारनामा, (४) मोजमाप वहीतील संबंधित पाने, (५) अदा केलेली देयके व प्रमाणके, (६) काँक्रिटच्या चाचणीचे अहवाल, (७) कामाच्या आधीचे, चालू असतानाचे व नंतरचे फोटो, (८) पूर्णत्वाचा दाखला. तसेच सदर कामाची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. आमच्याकडे पहिल्या दिवशी "शिक्का कपाटात आहे आणि किल्ली शिपायाकडे आहे" असं सांगितलं गेलं. वाद घालू नका. तालुक्याला जा, स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणं हे त्यांचं काम आहे, कलम ६(३).

तीस दिवस

अर्ज दिल्यावर सगळ्यात अवघड भाग सुरू होतो आणि त्याबद्दल कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. तिसऱ्या दिवशी सरपंचांचे चुलते चहाला आले. ते माझ्या भावकीतलेच. "आबा, तुमचं वय झालं, कशाला नादी लागताय?" पाचव्या दिवशी बायकोला पाणवठ्यावर कोणीतरी बोललं. दहाव्या दिवशी ग्रामसेवक स्वतः आले. तरुण पोरगा, दोन गावांचा कारभार त्याच्या डोक्यावर. तो म्हणाला, "काका, मोजमाप वही मी लिहीत नाही, इंजिनिअर साहेब लिहितात. सही मात्र माझी जाते." त्याच्या चेहऱ्यावरची भीती मला ओळखीची होती. रात्री आगारात कॅश जुळत नसली की नव्या कंडक्टरचा चेहरा तसाच व्हायचा. मी त्याला सांगितलं, "तुला अडकवायला अर्ज केलेला नाही. जे कागद आहेत ते दे, नाहीत ते 'नाहीत' म्हणून लिहून दे. बाकी वर बघू."

हे ठरवून करा. समोरच्या माणसाला चोर म्हणू नका. पुरावा हातात येईपर्यंत तर नाहीच, आणि आल्यावरही कागदच बोलू द्या.

एकट्याने जाऊ नका, हे मात्र मी हात जोडून सांगतो. तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांची माहिती काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. गावातल्या रस्त्याचा अर्ज आणि त्यांनी अंगावर घेतलेली कामं यांत फार अंतर आहे, तरीही खबरदारी तीच. एकाच कामाबद्दल चार घरांतून चार अर्ज गेले की दबाव कुणा एकावर राहत नाही. आमच्याकडे दुसरा अर्ज बचत गटाच्या दोन बायकांनी दिला आणि चहाला येणं बंद झालं. मिळालेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून त्याच दिवशी गावाबाहेरच्या कोणाला तरी पाठवा. मी मुलाला पाठवतो. आणि अर्ज मागे घेण्याच्या बदल्यात कोणी काही देऊ केलं तर तिथेच नाही म्हणा. अर्ज करून पैसे उकळणारे काही लोक निघालेत. त्यांच्यामुळे आपल्याला दारात उभं करत नाहीत, आणि त्या बाबतीत अधिकाऱ्यांची तक्रार खरी आहे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही. मग पहिलं अपील. नमुना 'ब', वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मुदत पुढच्या तीस दिवसांची. ग्रामपंचायतीसाठी अपिलीय अधिकारी पंचायत समितीत बसतात. नेमके कोण ते कार्यालयाच्या फलकावर लिहिलेलं असायला हवं. सुनावणीला वकील लागत नाही. मी पोच, पोस्टाची पावती आणि तारखांचा एक कागद घेऊन गेलो. तीन मिनिटं बोललो. "सात दिवसांत माहिती द्या" असा आदेश झाला. तिथेच मी म्हटलं, "साहेब, मुदत उलटून गेलीय, कलम ७(६) प्रमाणे प्रती विनामूल्य मिळाव्यात, आदेशात तेवढं लिहा." त्यांनी लिहिलं. एरवी पानाला दोन रुपये पडतात. अडतीस पानं होती म्हणजे शहात्तर रुपये वाचले. रक्कम किरकोळ आहे, पण कलम माहीत असलेल्या माणसाशी खुर्ची वेगळ्या आवाजात बोलते हे मी त्या दिवशी पाहिलं.

टेप

कागद आले की ते दोनदा वाचा आणि मग बाजूला ठेवून टेप घ्या. आमच्या मोजमाप वहीत लांबी १४० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी १५ सेंटिमीटर होती. गुणाकार केला की ६३ घनमीटर काँक्रिट होतं. देयक या ६३ घनमीटरचं काढलेलं.

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही नऊ जण जमलो. एक गवंडी, एक निवृत्त गुरुजी, बचत गटाच्या तीन बायका, बाकी आळीतले. एक दिवस आधी सरपंच आणि ग्रामसेवक दोघांनाही लेखी कळवलं होतं की आम्ही मोजणार आहोत, तुम्हीही या. आले नाहीत. तीस मीटरची टेप घ्या, कापडी नको, ती ताणली की लांबते. प्रत्येक टप्प्यावर खडूची खूण करा आणि टेपवरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. लांबी भरली १२८ मीटर. रुंदी जवळजवळ बरोबर. जाडी कडेने आठ ठिकाणी मोजली, सरासरी ११ सेंटिमीटर. १२८ गुणिले ३ गुणिले ०.११ म्हणजे सव्वाबेचाळीस घनमीटर. कागदावरच्या काँक्रिटचा तिसरा हिस्सा जागेवर नव्हता.

गवंडी म्हणाला, "आबा, कडेची जाडी म्हणजे मधली जाडी नव्हे. मध्ये जास्तही असेल." तो मदतीला आला होता आणि तरी विरुद्ध बाजूचं बोलला, याचं मला फार बरं वाटलं. म्हणून आमच्या कागदावर आम्ही "अपहार झाला" असं कुठेही लिहिलं नाही. "कडेची मोजमापे खालीलप्रमाणे आढळली, मधल्या जाडीसाठी कोअर कटिंग करून तपासणी व्हावी" असं लिहिलं, खाली नऊ सह्या. कोअर कटिंग म्हणजे यंत्राने काँक्रिटचा आरपार गोल तुकडा कापून काढणं. बँकेत नोकरी केलेल्या एका बाईंनी प्रत्येक पानावर सह्या घ्यायला लावल्या, ते मला सुचलं नसतं.

तो अर्ज गटविकास अधिकाऱ्यांना, आणि प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. सोबत वहीची पानं आणि फोटो. भाषा कोरडी ठेवा. "आमच्या भावनांशी खेळ", "लूट", "टोळी" असले शब्द आले की कागद राजकीय तक्रारींच्या गठ्ठ्यात जातो. आकडे असले की त्याला कोणीतरी उत्तर देणं भाग पडतं.

चार महिन्यांनी उपअभियंत्यांचं पथक आलं. तीन ठिकाणी कोअर काढले. मधली जाडी कडेपेक्षा जास्त निघाली, गवंड्याचं खरं ठरलं, पण पंधरा कुठेच भरली नाही. दोष दायित्व कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, अजून संपलेला नव्हता आणि ठेकेदाराची सुरक्षा अनामत रक्कम जमा होती. हे दोन शब्द करारनाम्यात शोधून ठेवा, पैसे परत येण्याची वाट इथूनच जाते. राहिलेला १२ मीटरचा तुकडा त्याच्याकडून करून घेतला आणि जाडीच्या फरकाची काही रक्कम अनामतीतून वळती झाली. जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही असं माझं मत आहे. कोणावरही कारवाई झाली नाही. पण काकू आता त्या रस्त्याने दुधाची किटली घेऊन जातात.

माझी चूक

रस्त्याच्या यशाने माझं डोकं जरा वर गेलं. पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहून सांगितलं की चाळीस एलईडी दिव्यांचं बिल निघालंय आणि गावात मी स्वतः मोजलेत ते सत्तावीस. सभेत गोंधळ झाला, सरपंचबाई काही न बोलता निघून गेल्या. चार दिवसांनी कळलं की तेरा दिवे ओढ्यापलीकडच्या वस्तीवर लावलेत. मी तिकडे गेलोच नव्हतो. त्या वस्तीवर पहिल्यांदाच रस्त्याला उजेड आला होता, आणि तो आणायला त्या बाईंनी दोन वर्षं खेटे घातले होते.

मी त्यांच्या घरी गेलो, आणि पुढच्या ग्रामसभेत माईकवर माफी मागितली. इतिवृत्तात ती लिहून घ्यायला लावली. विश्वास उडालेल्या माणसाला सगळीकडे चोरी दिसायला लागते, आणि मला ते झालं होतं. तेव्हापासून नियम केलाय: सभेत बोलण्याआधी मोजणी दोघांनी वेगवेगळी करायची आणि ज्याच्याविषयी बोलायचं त्याला आदल्या दिवशी कागद दाखवायचा.

ग्रामसभा

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. यातली १ मेची चुकवू नका. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे गेल्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, या वर्षाचा कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिप्पणी तिच्या उत्तरांसह ठेवायची असते. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ८. आमच्या गावात लेखापरीक्षणाची टिप्पणी वाचून दाखवा असं कोणी म्हणालं त्याला कित्येक वर्षं झाली होती. त्या टिप्पणीत सगळं आयतं मिळतं. कोणत्या खर्चाला पावती नाही, कोणती वसुली राहिलीय, कोणतं साहित्य नोंदवहीत चढलेलं नाही. सरकारच्याच माणसाने ते लिहून ठेवलेलं असतं.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यातलं जे कमी असेल ते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-बारा जणांत ठराव मंजूर होतात. म्हणून पहिल्याच सभेला माणसं न्या. महिलांची ग्रामसभा आधी होते, तिथले ठराव मुख्य सभेपुढे येतात. आमच्या गावात खरे प्रश्न तिथूनच आले. तुमचा विषय आधी लेखी द्या, म्हणजे "आयत्या वेळचा विषय" म्हणून टाळता येत नाही. आणि सभा संपताना इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या वहीवर सही करून घरी जायची सवय आम्हालाही होती. ती मोडायला दोन वर्षं लागली.

लाच मागितली तर

हे वेगळं प्रकरण आहे, इथे माहितीचा अर्ज कामाचा नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तक्रार केल्यावर ते आधी मागणीची पडताळणी करतात, पंचांसमोर आणि रेकॉर्डरवर. मगच सापळा. एक गोष्ट लक्षात ठेवा: भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. म्हणजे "आधी देऊन टाकू, मग बघू" हा विचार करू नका. देण्याआधीच फोन करा.

दाखला अडवलाय, नोंद लागत नाही, अशा वेळी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा बघा. अधिसूचित सेवेला किती दिवस लागतात त्याचा फलक कार्यालयात असला पाहिजे. अर्जाचा क्रमांक घ्या, मुदत संपली की अपील करा. कसूर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. आमच्या पुतणीचा दाखला अडीच महिने अडला होता. अपिलाचा कागद टेबलावर ठेवला तसा तिसऱ्या दिवशी मिळाला.

शहरात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. तुमच्याकडे ग्रामसभा नाही, ही मोठी अडचण आहे. पण २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली बघता येतात. प्रभागातल्या एका पदपथाची फाईल मागा, तिथेच वाचा. मुलाला मी हेच सांगितलंय. त्याच्या सोसायटीसमोरचे पेव्हर ब्लॉक दरवर्षी उखडतात आणि दरवर्षी नवे बसतात.

जिथे हात टेकले

सगळं जमतं असं मी सांगणार नाही. पाणीयोजनेच्या पाइपलाइनबद्दलचा माझा दुसरा अर्ज पहिल्या अपिलातही फेटाळला गेला, "वैयक्तिक माहिती" म्हणून. ठेकेदाराला दिलेल्या सार्वजनिक पैशाचं देयक वैयक्तिक कसं, हे मला कळलेलं नाही. वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(ञ) २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने बदललं आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. हे उत्तर आता जास्त ऐकू यायला लागलंय, आणि याची मला मनापासून काळजी वाटते. असं उत्तर आलं तर कलम ८(२) लिहा: व्यापक जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, नव्वद दिवसांच्या आत, नमुना 'क', वीस रुपये. माझं पुणे खंडपीठाकडे चौदा महिने पडून आहे. माहिती अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड करायचा अधिकार आयोगाला आहे, पण सुनावणीच लागत नाही तर तो अधिकार कागदावरच राहतो. आयोगाकडे माणसं कमी आणि अपिलं फार. इथे माझ्यासारख्या माणसाच्या हातात वाट बघण्यापलीकडे फारसं काही नाही, आणि ते मला रोज खुपतं. दर महिन्याच्या एक तारखेला मी पोस्टकार्ड टाकतो, अपिलाचा क्रमांक घालून.

मुलाला मी आता मतदानाचा आग्रह करत नाही. अडतीस पानं पाठवली तेव्हा त्याने ती रात्री बसून वाचली आणि फोन केला. "आबा, सहाव्या पानावर सिमेंटच्या गोणींचा हिशेब आहे, तो देयकाशी जुळत नाही." मला तो दिसला नव्हता.

कंडक्टरची माझी जुनी चामड्याची बॅग मी आता याच कामाला लावलीय. नाण्यांच्या कप्प्यात खडू आणि स्टॅपलर. मोठ्या कप्प्यात टेप, वही, कोरे नमुने 'अ', 'ब', 'क'. नोटांच्या कप्प्यात दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, कारण तालुक्याला ऐन वेळी ते मिळत नाहीत. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातली अकरावीतली एक मुलगी आली होती. तिच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाचं बिल निघालंय आणि दाराला कडी नाही, पाणी नाही. अर्ज स्वतः लिहून आणला होता, शंभर शब्दांचा. पण अर्ज करायचा तर नागरिक असणं पुरे, वय आड येत नाही, हे तिला खरं वाटत नव्हतं. कायदा उघडून कलम ३ वाचून दाखवलं. दोन स्टॅम्प घेऊन गेली. एक तिचा, एक मैत्रिणीचा.